ऐंशी तासांचा कोर्स आणि टाइपरायटरची खोळ

यवतला हायवेच्या कडेला, खतांच्या एका दुकानाच्या वर माझा टायपिंगचा वर्ग आहे. तिथं एकतीस वर्षं मी पोरापोरींना जे शिकवलं, त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात सांगता येईल. समोरचा मजकूर वाचायचा नाही.

ऐकणाऱ्याला वाटेल, मास्तरचं डोकं फिरलंय. म्हणून जरा उलगडून सांगतो. टायपिंगच्या परीक्षेत एक उतारा देतात आणि घड्याळ लावतात. पहिल्या परीक्षेला मिनिटाला तीस शब्द, पुढच्या परीक्षेला चाळीस. उतारा कशावरही असू शकतो, मधमाश्यांवर, पंचायत राजवर, नाही तर एखाद्या कार्यालयाच्या रुक्ष परिपत्रकातला. जो उमेदवार तो वाचायला लागला, तो मधमाश्यांत रमला आणि त्याची बोटं मंदावली. म्हणून डोळ्यांनी अक्षर उचलायचं, बोटांनी खाली ठेवायचं, मध्ये डोक्यानं लुडबुड करायची नाही. वाचायचं नाही, उतरवायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझी बायको सांगते, मी झोपेतही ते म्हणतो.

एकदा परीक्षा घ्यायची म्हणून मी उताऱ्याच्या मधोमध एक ओळ घुसडली: 'या वर्गाचे सर अत्यंत कजाग असून त्यांना विनोदाचे वावडे आहे.' वीस मुलं होती वर्गात. विसांनीही ती ओळ बिनचूक टाइप केली आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही, कुणी मान वर केली नाही. गळ्यातलं स्टॉपवॉच बंद करताना मला जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो. हा प्रसंग मी पुढं बरीच वर्षं लोकांना कौतुकानं सांगत असे.

मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. आता तर माझ्या वर्गात मी शिकवतच नाही. बारा कॉम्प्युटर आहेत, इनव्हर्टर आहे, बरं नेट आहे. मुलं येतात, कानाला हेडफोन लावतात आणि ऑनलाइन कोर्स करतात. शिकवणारे मास्तर व्हिडिओत असतात. माझं काम लाइट गेली तर इनव्हर्टरकडे बघणं आणि कुणी कोर्स सोडून क्रिकेट बघत नाही ना, हे बघणं. पण एकतीस वर्षांची खोड जात नाही. कोण किती वेगानं चाललंय, याकडे माझं लक्ष असतंच.

वेगाचे नमुने तरी किती सांगू? पाटसचा विक्रांत म्हणून एक तरुण होता. त्यानं वेबडिझाइनचा कोर्स लावला. वेबडिझाइन म्हणजे दुकानाचं, दवाखान्याचं, शाळेचं जे पान आपण मोबाइलवर उघडतो, ते बनवायची विद्या. पानावर काय काय आहे हे एका भाषेत लिहायचं आणि ते कसं दिसावं हे दुसऱ्या भाषेत. विक्रांत व्हिडिओ दुप्पट वेगानं बघायचा. ऐंशी तासांचा कोर्स त्यानं एकोणीस दिवसांत उडवला आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. लगेच हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं त्याला मेनूचं पान करायला सांगितलं. दोन दिवसांनी विक्रांत पडलेल्या चेहऱ्यानं माझ्यापुढं उभा.

"सर, व्हिडिओत हे न्हवतं."

"काय नव्हतं?"

"शेवभाजी. त्यांनी पिझ्झाचं दुकान केलं व्हतं."

दुसरं टोक म्हणजे बबनआबा. आबांचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे, आता चार एकरांवर स्थिर झालेत. आबा कुरकुंभला सिक्युरिटीत होते, निवृत्त झाले आणि शेळ्यांच्या विक्रीचं पान स्वतः करायचं म्हणून माझ्याकडे आले. पहिला धडा पाच आठवडे. व्हिडिओतला शब्द न् शब्द ते वहीत लिहायचे, मास्तरांचं 'नमस्कार दोस्तों'सुद्धा. प्रत्येक गोष्टीचं मूळ कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. "सर, हे इंटरनेट ऱ्हातं कुठं, ते आधी सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि मला तो अजून नीट सांगता आलेला नाही. दोन वह्या भरून ते चौथ्या धड्याला पोचले, तोवर पहिला विसरले होते. वही बंद करून शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली.

या दोघांकडे बघून माझा समज झाला की खरा वेग यांच्या मधोमध कुठं तरी आहे आणि आयुष्यभर गळ्यात स्टॉपवॉच घालणाऱ्या माणसाला तो नक्की माहीत आहे. हा शहाणपणा मी मनीषावर वापरला.

मनीषा मूळची पाटसची. लग्नाआधी दोन वर्षं माझ्याकडे टायपिंगला होती. एकतीस वर्षांत मी पाहिलेली सगळ्यांत चांगली बोटं तिची. चाळीसच्या परीक्षेत तिची एकही चूक निघाली नव्हती. पुढं ती लग्न होऊन यवतजवळच्याच एका वाडीवर आली. सासरी फुलशेती, झेंडू आणि शेवंती. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला, लहान मुलगी अंगणवाडीत. सात वर्षांनी, गुढीपाडवा झाल्यावर ती माझा जिना चढून आली तेव्हा पुढं तिचे सासरे होते. त्यांना सगळी वाडी आप्पा म्हणते.

"सर, सून आमची हुशार हाय, त्यात काय वाद न्हाई," आप्पा म्हणाले. "तिला ते वेबडिझाइन का काय ते शिकायचंय. शिकू द्या. पर दसऱ्याला झेंडू असतो, तवा घरात हात कमी पडत्यात. तवर तिचं कुठं काम लागलं तर बरंच हाय, आमी आडवं येनार न्हाई. न्हाई लागलं तर मंग ह्यो नाद सोडायचा आन् रानात यायचं. दसऱ्यापतूर. फुडं न्हाई."

आप्पा वाईट बोलत नव्हते. शेतकरी माणूस, प्रत्येक गोष्टीला हंगाम लावतो. ते जिना उतरून गेल्यावर मनीषानं विचारलं, "सर, जमंल का मला?"

"चाळीसच्या स्पीडची पोरगी तू," मी म्हणालो. "तुला काय अवघड आहे?"

काम कुठं लागणार हेही ठरलं होतं. शिरूरला एका बाईंचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या आणि आमच्या, दोन्ही तालुक्यांतल्या दवाखान्यांची, दुकानांची पानं ते करतात. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात यायचं, बाकी काम घरून. मनीषासाठी माप घेऊनच शिवल्यासारखी नोकरी. फक्त आधी परीक्षा द्यावी लागते.

मी कागद घेतला आणि तक्ता केला. सकाळी फुलतोडणी, मग घरचं, म्हणून तिला रोज अकरा ते दोन एवढाच वेळ. ऐंशी तासांचे ब्याण्णव धडे; रोज एकच, पण तो तीन तीनदा करायचा. व्हिडिओ दीडपट वेगानं लावायचा सल्लाही माझाच. व्हिडिओतले मास्तर हिंदी बोलायचे आणि काहीतरी अवघड आलं की आधी म्हणायचे, "बहुत आसान है दोस्तों." हे वाक्य आलं की मनीषा खुर्चीत सरसावून बसायची. डाव्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ, उजव्यावर तिचं काम. मास्तर लिहायचे तसं ती लिहायची, त्यांच्याच वेगानं. कधी कधी तर ती त्यांच्या पुढं जाऊन थांबलेली असायची. शेवटी तिचं पान व्हिडिओतल्यासारखंच दिसायचं. मी मागं उभा राहून बघायचो आणि मनातल्या मनात पेढे वाटायचो. रोज संध्याकाळी तक्त्यावर हिरवी खूण करायचो.

आषाढात कोर्स संपला, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. आम्ही दोघं चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूरला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपला पहिला नंबर येताना बघायला कुणाला आवडत नाही? ती वर ऑफिसात गेली, मी खाली चहाच्या टपरीवर बसलो. परीक्षा दोन तासांची होती. मी सवयीनं स्टॉपवॉच लावलं.

तासाभरातच ती खाली आली. मला वाटलं, संपवलं सुद्धा! मी हसतच उठलो आणि तिचा चेहरा बघून परत बसलो.

"सर, त्यांनी एका दाताच्या दवाखान्याच्या पानाचं चित्र दिलं. म्हणाल्या, असं करा." ती हळू बोलत होती. "मी वरच्या सात ओळी लिवल्या. त्या सगळ्या पानांना सारख्याच असत्यात. मंग थांबले."

"का थांबलीस?"

"फुडचं कोण दाखवतच न्हवतं."

त्या बाई भल्या होत्या. त्यांनी तिला हिणवलं नाही. "तयारी झाली की परत या, जागा मी इतक्यात भरत नाही," एवढंच म्हणाल्या. परतीच्या एसटीत मनीषा खिडकीबाहेर बघत होती. न्हावरं गेल्यावर एकदाच बोलली, "आप्पांना इतक्यात सांगू नका, सर."

त्याच आठवड्यात त्यांच्या रानात दसऱ्याच्या झेंडूची लागण चालली होती. म्हणजे रोपांना जेवढे दिवस होते, तेवढेच तिला.

दुसऱ्या दिवशी मी आधी शिरूरच्या लोकांना नावं ठेवली. पहिल्याच दिवशी एवढं अवघड देतात का, वगैरे. मग मी म्हणालो, "बस. कुठलाही धडा लाव आणि कर, मला बघू दे." तिनं पन्नासावा धडा लावला. मास्तर लिहू लागले, तिची बोटं चालू लागली. तिची नजर डाव्या पडद्यावरून हलत नव्हती. स्वतःच्या पडद्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि चूक एकही नव्हती.

मी व्हिडिओ थांबवला. आत्ताच तिनं लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कशासाठी?"

ती त्या ओळीकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "वाचलीच न्हाई, सर. तुम्हीच शिकवलंय ना, वाचायचं न्हाई, उतरवायचं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. ती खरोखरच माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी होती. ऐंशी तासांचा कोर्स तिनं ऐंशी तासांचा उतारा म्हणून टाइप केला होता, बिनचूक. आणि वर म्हणाली, "ते कजाग सरांचं वाक्य बी मला वर्ग सुटल्यावर मैत्रिणीनं सांगितलं तवा कळलं." कोर्स सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि मागं उभं राहून हिरव्या खुणा करणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी खाली जाऊन उगाचच खताच्या दुकानात उभा राहिलो. दुकानदारानं काय हवंय विचारलं, तर मला सांगता येईना.

वर आलो तेव्हा कोपऱ्यातला टाइपरायटर दिसला. सगळे विकले, एक मराठी ठेवलाय आठवण म्हणून. त्याच्यावर निळ्या रेक्झिनची खोळ असते. पूर्वी नवीन मुलं बोटांकडे बघून टाइप करायची, तेव्हा मी त्यांच्या हातांवर हीच खोळ टाकत असे. खोळीखाली हात चाचपडायचे, चुकायचे, आणि आठवड्याभरात आपापली अक्षरं शोधायला शिकायचे. मी ती काढली आणि मनीषाच्या डाव्या पडद्यावर, व्हिडिओवर, टाकली. खोळ थोडी आखूड पडली, खाली दोन बोटं पडदा उघडा राहिला. तिथं वहीचा पुठ्ठा लावला.

नियम असा केला. व्हिडिओ साध्या वेगानं चालेल, तो चालू असताना हात मांडीवर. मास्तरांनी जे केलं ते आपल्याला करता येईल असं वाटतंय तोवरच बघायचं, मग थांबवायचं. खोळ टाकायची आणि उजवीकडे लिहायचं. अडलं तर अडून बसायचं. चुकीचं का होईना, काहीतरी लिहिल्याशिवाय खोळ उचलायची नाही.

पहिल्या दिवशी तीन तासांत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ झाला. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

"दसरा किती दिसांवर हाय, ठावं हाय ना सर? असं कसं व्हायचं?"

मी खोटं बोललो नाही. "मलाही भीती वाटते," म्हणालो. "एकदा मी तुला चुकीचं पळवलंय. आता परत चुकलो तर तुझी संधी जाईल. पण दुसरं काही मला सुचत नाही." भिंतीवरचा तक्ता काढला, स्टॉपवॉच टेबलाच्या खणात टाकलं, आणि तिच्या शेजारच्या दोन कॉम्प्युटरवर मीही पहिल्या धड्यापासून तोच कोर्स सुरू केला. माझ्या पडद्यावर बायकोची जुनी चादर.

साठी उलटल्यावर विद्यार्थी होणं सोपं नसतं. बघताना सगळं कळतं. मास्तर 'बहुत आसान है' म्हणतात, आपणही मान डोलावतो. चादर पडली की डोकं रिकामं. मनीषाला एक दिवस लागायचा तिथं मला पाच लागायचे. पण गंमत म्हणजे माझं अडलेलं बघून तिचा राग गेला. "सर, कंस बंद केला न्हाई तुमी," असं ती माझ्या पडद्याकडे न बघताच सांगायची, नुसत्या माझ्या सुस्काऱ्यावरून.

पंधरा-वीस दिवसांनी ती एक गोष्ट सांगू लागली, जी मला सुचणं शक्य नव्हतं. "सकाळी खुरपताना काल लिवलेलं मी मनात म्हंते. सरीच्या या टोकाला सुरू करते, त्या टोकाला संपलं पायजे. मधी अडकलं तर आज तिथनंच सुरू करायचं, फुडचं बघायचं न्हाई." एका सरीत मावेल तेवढा दिवसाचा धडा. कधी तो दोन मिनिटांचा असायचा, कधी पंधरा. मला राहवलं नाही की मी म्हणायचो, आज थोडं जास्त घेऊ. ती मान हलवायची. "सरीत बसनार न्हाई." माझ्या स्टॉपवॉचपेक्षा तिचं माप खरं होतं, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला.

शिरूरच्या परीक्षेतल्या चित्रात जे होतं, तो भाग श्रावणात आला. एकाच पानावर तीन चौकटी. कॉम्प्युटरवर त्या शेजारी शेजारी दिसायला हव्यात आणि मोबाइलवर एकाखाली एक. मास्तरांनी बरंच समजावलं, माझ्या डोक्यावरून गेलं. मनीषा दोन दिवस खोळीपुढं बसून राहिली. तिसऱ्या दिवशी जिना चढतानाच बोलू लागली.

"सर, क्रेट! आप्पा टेम्पोत क्रेट शेजारी शेजारी लावत्यात. मोटरसायकलवर न्यायचे झाले तर एकावर एक बांधत्यात. माल त्योच, क्रेट बी त्येच, जागा बघून मांडायचं. आपुन पानाला तेवढंच सांगायचं, की जागा कमी असली तर एकावर एक."

ती बसली आणि लिहिलं. मग पडद्याची खिडकी माऊसनं बारीक करत गेली, आणि तीन चौकटी बघता बघता एकाखाली एक जाऊन बसल्या. आम्ही दोघांनी ते दहा-बारा वेळा तरी करून बघितलं. बबनआबा त्यांची वही सोडून बघायला आले. "आरं तिच्या," एवढंच म्हणाले. त्याच दिवशी आबांची वही मी काढून घेतली आणि त्यांनाही एक खोळ दिली. त्यांची गाडी आता अकराव्या धड्यावर आहे.

नवरात्राच्या आधी मनीषानं शिरूरला परत जायचं ठरवलं. तिचे ब्याण्णवांपैकी चौतीस धडे झाले होते. "अजून अर्धाही कोर्स नाही झाला," मी म्हणालो. ती म्हणाली, "जेवढा झालाय तेवढा माझा हाय." आणि मी बॅग उचलली तर म्हणाली, "तुमी नका येऊ, सर. तुमी खाली बसून घड्याळ लावता."

ती गेली आणि मी दिवसभर वर्गात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी फोन आला. "तीन भाग व्हते, दोनच झाले. तिसरा ऱ्हायला."

ती पुढं म्हणाली, "मंग बाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवलं आन् इचारलं, ही कशाला? मी सगळ्यांचं सांगितलं. एका ओळीचं सांगता येईना. म्हटलं, ही चुकून ऱ्हायली असंल, काढू का? काढली, तर पान हाय तसंच उभं ऱ्हायलं. त्या हसल्या. म्हणाल्या, कळवते."

कळवते! या एका शब्दानं माणसाचं जेवण जातं. दुसऱ्या दिवसापासून तोडणीची घाई सुरू झाली आणि मनीषा वर्गात यायची बंद झाली. दसऱ्याच्या आधीचे ते दिवस फुलवाल्यांकडे कुणाला बोलायलाही फुरसत नसते. मी फोन केला नाही. आप्पांनी उचलला तर काय विचारणार होतो?

यंत्रांची पूजा लोक खंडेनवमीला करतात. माझा वर्ग ती दसऱ्याला करतो, कारण त्याआधी फुलवाल्यांच्या लेकीसुना वर्गात नसतात. दसऱ्याच्या दुपारी मी कॉम्प्युटर पुसत होतो, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. पुढं आप्पा, खांद्यावर झेंडूच्या माळा. मागं मनीषा, बोटं फुलं तोडून तोडून काळी पडलेली. दोघांच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता. मला विचारायचा धीर झाला नाही. आप्पांनी एकेका कॉम्प्युटरला माळ घातली, टाइपरायटरला घातली, हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा फोन आला. तिचे दोनी हात फुलात. मंग मीच धरला तिच्या कानाला."

"काय म्हणाल्या त्या?"

"सोमवारपासनं या म्हन्ल्या." आप्पांनी टोपी सारखी केली. "मी म्हन्लं, या सोमवारी क्रेट धुवायचेत, पर ते माजं मी बघतो."

मी चष्मा काढून पुसला. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही. मनीषाही डोळे पुसत होती, म्हणून झेंडूची काळी बोटं तिच्या गालावर उमटली.

जरा वेळानं तिची नजर माझ्या कॉम्प्युटरकडे गेली. "सर, तुमचं कुठवर आलं?"

"एकेचाळीस," मी ऐटीत म्हणालो. तिच्या सात धडे पुढं.

"चादर टाकून?"

मी फडकं उचललं आणि पुसलेलाच कीबोर्ड पुन्हा पुसायला घेतला. त्या काळजीच्या दिवसांत मी नुसते व्हिडिओ लावून बसलो होतो आणि प्रत्येकावर झाल्याची खूण करत होतो. तिला ते त्या फडक्यावरूनच कळलं. तिनं टाइपरायटरवरची माळ अलगद बाजूला केली, निळी खोळ काढली आणि माझ्या डाव्या पडद्यावर टाकली. खाली पुठ्ठाही लावला. मग खुर्ची ओढून दिली.

"लिवा. तीन चौकटी. मोबाइलवर एकाखाली एक."

मी बसलो. चार ओळी लिहिल्या आणि अडलो. हात सवयीनं गळ्याकडे गेला, तिथं काहीच नव्हतं. सणाचा दिवस, त्यांना गावात सोनं वाटायला जायचं असणार, तिची पोरगी वाट बघत असणार.

"आप्पा, तुम्ही निघा," मी म्हणालो. "मला बराच वेळ लागेल."

आप्पांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि माझ्या मागं येऊन बसले.

"दमानं लिवा, सर," ते म्हणाले. "आमाला कसलीच घाई न्हाई."